बिडाचा तवा, दीड वर्षानंतर (गोव्यातल्या फोंडा बाजारातून घेतलेला)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिला मागच्या वर्षी जूनमध्ये लिहिला होता. तवा घेऊन तीन आठवडे झाले होते, एक स्टार दिला आणि "पैसे पाण्यात, पोळे सुटत नाहीत, गंज येतो, कोणी घेऊ नका" असं ठोकून दिलं. (पोळे म्हणजे आमच्याकडचे घावन-डोशासारखे.) नंतर लाज वाटली म्हणून काढून टाकला. बिडाच्या तव्यांचे ऑनलाईन रिव्ह्यू वाचाल तर सगळे असेच असतात, एकतर घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्याभोर तव्याचा फोटो टाकून पाच स्टार, नाहीतर पंधरा दिवसांत माझ्यासारखे वैतागून एक स्टार. दोन्ही वाचू नका. जूनात लावलेल्या माडाच्या रोपाला गणेश चवथीला नारळ विचारण्यातला प्रकार आहे तो.

तर तवा : दहा इंची, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, दोन किलोच्या थोडा वर, एका बाजूला लांब दांडा आणि समोर छोटा कान. फोंड्याच्या बाजारात भांड्याचं जुनं दुकान आहे तिथून घेतला, साडेआठशेला. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही कारण पात्रांवांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, असलं काही आवडत नाही, मी एकदा दुकानाचा फोटो काढायला लागलो तर म्हणाले गिऱ्हाईक आहेस की पत्रकार. पण बाजारात कोणालाही विचारा, जिथे दारात पितळेच्या समया आणि आत ॲल्युमिनियमची टोपं छतापर्यंत लटकवलेली दिसतात ते.

मे महिना होता, पुरुमेताची खरेदी चालली होती, म्हणजे पावसाळ्याआधी मिरच्या, सुकी मासळी, चिंच, सोलं (आमसुलं) भरून ठेवायची ती. आई सोलं निवडत बसली आणि मी आपला भांड्याच्या दुकानात घुसलो. डोक्यात एकच, नॉनस्टिक बंद करायचं. आमच्याकडचा तिसरा नॉनस्टिक तवा तेव्हा मधोमध पांढरा पडला होता, आणि नॉनस्टिकचं असं आहे की तो घरात येतो त्या दिवशी सगळ्यात चांगला असतो, त्यानंतर रोज थोडा थोडा खाली. मी बारा इंची तवा उचलला. पात्रांव म्हणाले, "घरांत कितलीं मनशां?" म्हटलं चार. शेगडी कसली? दोन बर्नरची, साधी. त्यांनी तो माझ्या हातातून काढून परत ठेवला आणि दहा इंची दिला. म्हणाले तुझ्या बर्नरवर बारा इंची मधेच तापणार आणि कडा थंड राहणार, मग तू येऊन माझ्याशी भांडणार. महागडा तवा हातातून काढून स्वस्त देणारा दुकानदार मी फार बघितलेले नाहीत. बिल करताना एवढंच म्हणाले, "पयलीं स म्हयने वापर, मागीर उलय." म्हणजे आधी सहा महिने वापर, मग बोल. मी हो हो केलं. ऐकलं कुठे.

आता माझा स्वभाव सांगायला पाहिजे कारण पुढचं सगळं त्यातूनच झालंय. मी एका रविवारचा वीर. पर्वरीच्या जिमची वर्षाची फी भरून अकरा दिवस गेलोय. गिटार आहे घरी, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. जे काय करायचं ते एका दिवसात, धडाक्यात, आणि सोमवारी संपलेलं. गंमत म्हणजे नोकरी वेर्ण्याला एका औषध कंपनीत, क्वालिटीमध्ये, तिथे दिवसभर मी लोकांना हेच सांगतो की बाबा स्टेप सोडू नका, लिहून ठेवा, आज केलं तसंच उद्या करा. संध्याकाळी कंपनीची बस बोरी पुलावरून फोंड्याकडे वळली की ते सगळं झुआरी नदीत सोडून घरी यायचं.

तर त्या रविवारी मी तव्याचं सिझनिंग करायला, म्हणजे तेल तापवून त्यावर थर बसवायला, बसलो. चार व्हिडिओ बघितले. एकात सांगितलं होतं जवसाचं तेल सगळ्यात भारी, म्हणून ते ऑनलाईन मागवलं, छोटी बाटली, किंमत तव्याच्या जवळपास. सकाळी नऊला सुरुवात. तेल लावायचं, तापवायचं, धूर, थंड, परत तेल. एका दिवसात सहा थर! स्वयंपाकघरात एवढा धूर झाला की शेजारच्या काकींनी खिडकीतून विचारलं काय जळतंय का. संध्याकाळी तवा असा चकाकत होता की तोंड दिसेल, फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, पंचवीसेक अंगठे आले. सोमवारी सकाळी पहिला पोळा घातला. पोळा उलथताना त्याच्याबरोबर तव्याचे काळे पापुद्रे निघून आले, पांढऱ्या पोळ्यावर काळे कपटे, जणू कोणी कोळसा किसून घातलाय. बायको काही बोलली नाही, फक्त पोळा उचलून कावळ्यांना टाकला. कावळ्यांनी पण खाल्ला नाही, हे मी स्वतः बघितलंय.

मग मी खवळून तो तारेच्या घासणीने घासून काढला, धुतला आणि तसाच ओटयावर ठेवला. जूनचा पहिला आठवडा. ज्यांना गोव्याचा पाऊस माहीत नाही त्यांना सांगतो, इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, चपलांना बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीत पाणी होऊन बसतं. सकाळी उठलो तर तवा नारिंगी. सगळाच्या सगळा, सांगे-धारबांदोड्याकडच्या खाणीच्या मातीसारखा. तेव्हाच तो एक स्टार दिला. तवा सिलिंडरच्या मागे गेला आणि आईने जाहीर केलं की तो आता भंगारात घाल. (कोंकणीत भांगर म्हणजे सोनं, एक काना इकडचा तिकडे. आईला मी हे सांगितलं तर म्हणाली जास्त शहाणपणा नको, सिलिंडर काढताना पायावर पडेल तो.)

जाता जाता, खाणीवरून आठवलं. या गोव्यातून एकेकाळी वर्षाला चार-पाच कोटी टन लोखंडाचं खनिज बार्जेसमधून मांडवी-झुआरीवरून मुरगावला जायचं आणि तिथून चीन-जपानला, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत आमच्या रस्त्यांवर ट्रकांशिवाय काही दिसायचं नाही. आणि साधा एक तवा घ्यायचा तर तो बेळगावकडच्या फाउंड्रीतून येतो, पात्रांवांनीच सांगितलं. माती आमची गेली, तवे दुसरीकडचे. असो.

चवथीपर्यंत तवा सिलिंडरमागेच. चवथीला माशेलला मावशीकडे गेलो. मावशीकडे बिडाचा तवा आहे, तिच्या सासूच्या वेळचा, किती वर्षांचा कोणालाच नक्की माहीत नाही. त्याच्यावर ती पोळा घालते आणि कड सुटली की तो आपोआप सरकतो, उलथणं लागतच नाही, हाताने उचलून पलटते. मी विचारलं मावशी सिक्रेट काय, कुठलं तेल, किती थर? तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी विचारलंय की श्वास कसा घेतेस. "कसलें सिक्रेट रे? सदांच वापरतां." बस्स. रोजच वापरते.

मला तेव्हा राग आला थोडा, वाटलं लपवतेय. मग मी नुसता बसून बघितलं, ऑडिटला बसतो तसा. आणि दिसलं की पोळा घालण्यात काहीच नाहीये, जे आहे ते सगळं आधी आणि नंतर आहे. आधी : मंद आचेवर तवा ठेवून ती नारळ खवायला बसली, पाच-सहा मिनिटं तव्याकडे बघितलंच नाही. मग पाण्याचा शिंतोडा. मग वांग्याचं देठ तेलात बुडवून एकदा फिरवलं, तेल दिसणार नाही इतकंच. नंतर : गॅस बंद, तवा कोमट झाल्यावर काथ्याने दोन हात मारले, पाणी, लगेच परत गॅसवर कोरडा, आणि त्याच देठाने परत एक हात, आणि मग भिंतीच्या खुंटीला. हे नंतरचं सगळं मिळून दोन मिनिटं नसतील. आणि ती हे करताना बोलत होती, माझ्या मावसभावाच्या लग्नाचं, म्हणजे लक्ष पण नव्हतं तिचं. लक्ष न देता बरोबर होतंय, हे मला फार लागलं. मी रविवारी आठ तास पूर्ण लक्ष देऊन चूक केली होती.

घरी आलो, सिलिंडर सरकवला. गंज काढला, व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, अर्धा तास, जास्त नाही कारण व्हिनेगर गंजाबरोबर लोखंड पण खायला लागतं. साबणाने धुतला, गॅसवर खडखडीत वाळवला, साधं सूर्यफुलाचं तेल, लावलं आणि मग असं पुसलं जसं चुकून लागलंय आणि आता बायकोला कळू द्यायचं नाही. धूर थांबेपर्यंत तापवला. एक थर. एकच! हात शिवशिवत होते दुसरा लावायला पण नाही लावला. आणि ठरवलं की आता तव्याकडून काही अपेक्षा नाही, तव्याचं काय व्हायचं ते होवो, मला फक्त ती नंतरची दोन मिनिटं रोज करायची आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दूधवाल्याच्या खुणा असतात तिथेच खाली, ज्या दिवशी दोन मिनिटं केली त्या दिवशी एक निळी टिक. पोळा चांगला झाला की वाईट त्याची टिक नाही, ते कॅलेंडरवर लिहायचंच नाही.

पहिल्या महिन्यात एकोणीस टिका. आणि पोळे? चिकटतच होते. मधले जरा बरे, पहिला हमखास फाटायचा, आई तो "तव्याचा" म्हणून बाजूला काढायची. दुसऱ्या महिन्यात चोवीस टिका आणि फरक शून्य, किंवा मला दिसत नव्हता. हा काळ सगळ्यात वाईट, कोणी सांगत नाही याबद्दल. गंज नाही, पापुद्रे नाहीत, म्हणजे तक्रार करायला पण काही नाही आणि कौतुक करायला पण काही नाही, नुसता एक करडा-काळा-तपकिरी ठिगळाठिगळांचा तवा, फोटो काढावा असा नाही. कंपनीत नवीन प्रॉडक्टची प्रोसेस व्हॅलिडेट करताना साधारणपणे तीन बॅच लागोपाठ बरोबर याव्या लागतात, एक भारी आली याला काही अर्थ नसतो, नशिबाने पण येते. हे मी ट्रेनिंगमध्ये शंभर वेळा सांगितलंय. घरी ते समजायला डिसेंबर उजाडला. डिसेंबरात एके दिवशी सकाळी, घाईत, पावणेसातची बस, पोळा घातला आणि फोनवर बोलत होतो, उलथणं घेऊन वळलो तर पोळ्याची कड स्वतःच उचललेली. मी फोन ठेवला नाही, काही नाही, पलटला, खाल्ला आणि गेलो. बोरी पुलावर आल्यावर डोक्यात आलं की अरे, तो सुटला होता. दुसऱ्या दिवशी परत सुटला. तिसऱ्या दिवशी पण. तीन बॅच.

आता यात नेमकं होतं काय ते सांगतो, कारण "तवा तेल पितो" वगैरे जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही. तेलाचा पातळ थर बऱ्याच उष्णतेवर तापला की त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांत गुंततात आणि लोखंडाला चिकटून एक कडक, गुळगुळीत थर होतो, तेल म्हणून तेल उरतच नाही. थर जाड लावला तर वरून सुकतो आणि आतून चिकट राहतो, माझ्या रविवारसारखा. कुठलं तेल किती सहज असं सुकतं याचा अंदाज आयोडीन व्हॅल्यूवरून येतो, आमच्या लॅबमध्ये ही टेस्ट होते म्हणून मला माहीत. खोबरेल तेलाची ती दहाच्या आसपास, सूर्यफुलाची सव्वाशेच्या पुढेमागे, जवसाची १७० च्या वर. म्हणून आपल्याकडे हौसेने खोबरेल तेल लावून ठेवतात तो तवा नुसता तेलकट राहतो, थर काही धरत नाही. आणि जवसाचं तेल पटकन कडक होतं, ऑईल पेंटमध्ये तेच वापरतात, पण तो थर ठिसूळ, लवकर पोपडे निघतात. सूर्यफूल मधलं, ना फार घाई ना फार आळस. शेंगदाणा तेल पण चालतं, जरा हळू. मावशी खोबरेलच वापरते, तरी तिचा तवा तसा आहे, मग एवढ्या केमिस्ट्रीचं काय करायचं असं बायकोने विचारलं, त्याला माझ्याकडे एकच उत्तर, की तिच्या तव्यावर सासूपासूनचे हजारो पोळे जाऊन बसलेत.

मासळीचा प्रश्न. हा गोवेकरांसाठी महत्त्वाचा आहे आणि कुठल्याच व्हिडिओत नाही कारण ते करणारे सगळे त्यावर अंडं सरकवून दाखवतात. बांगडा रवा लावून या तव्यावर असा होतो की विचारू नका, उष्णता धरून ठेवतो ना, थंड बांगडा टाकला तरी तवा ढिला पडत नाही, रवा लगेच आवळतो, तेल कमी लागतं. विसवण (सुरमई) पण सुंदर. पण रविवारी बांगडा आणि सोमवारी शिवराक (शाकाहारी), आणि सोमवारच्या पोळ्याला रविवारचा बांगडा. आईने तो पोळा नाकाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला, दिवसभर बोलली नाही. जाडं मीठ टाकून तवा तापवायचा, मीठ तपकिरी होईपर्यंत, मग काथ्याने घासायचा, यात वास ऐंशी टक्के जातो हा माझा अंदाज. उरलेला वीस टक्के आईला येतो. नीरफणसाची कापां, सुरणाची कापां, यात मात्र आनंदच आनंद.

आंबट सांभाळा. चिंच, सोलं, टोमॅटो, यातलं काही त्यावर शिजवत ठेवायचं नाही, तो थर आंबटाने विरघळतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. झटपट काही परतलं तर चालतं. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरतं हे खरं, आंबटात जास्तच, पण हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून तवा घेत असाल तर आधी डॉक्टरकडे जा.

मार्चमध्ये एक मोठा घोळ झाला. आम्ही दोन दिवस बाहेर, घरी पाहुणे होते, त्यांनी बिचाऱ्यांनी मदत म्हणून तवा घासून दिला, तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर, जोर लावून, अगदी मनापासून. परत आलो तर मधोमध रुपयाएवढा नाही, चांगला बशीएवढा चंदेरी गोल. आणि तो आम्हाला दाखवला पण, बघा कसा स्वच्छ केला. मी थँक्यू म्हटलं. सहा महिन्यांचा तवा! आधीचा मी असतो तर तोच सिलिंडरमागे, किंवा परत एक रविवार सहा थर. या वेळी काय झालं मला पण नवल वाटलं, मी काहीच केलं नाही. म्हणजे तेच केलं, वाळवला, पुसटसं तेल, तापवला, टिक. दुसऱ्या दिवशी तेच. कंपनीत काही बिघडलं की कॅपा भरावा लागतो, कारण काय, सुधारणा काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय, इथे कॅपा एकच होता की घासणी दुसऱ्या कपाटात ठेवली, आणि कॅपा झाल्यावर कापां तळली. नवव्या दिवशी पोळा सुटायला लागला. बशीएवढा डाग रंगाने दिसायचा अजून दोन महिने पण हाताला लागायचा नाही. सप्टेंबरपासून शून्यातून जिथे तीन महिने लागले तिथे आता नऊ दिवस, कारण कडेचा थर शाबूत होता आणि मला पण काय करायचं ते हातात बसलं होतं.

आता तव्याचे दोष, कारण नाहीतर जाहिरात वाटेल. दांडा तापतो, भयंकर तापतो, सोबत कापडी मूठ दिलेली नाही, माझ्या डाव्या तळव्यावर खूण आहे. वजन : आईला एका हाताने उचलत नाही, संधिवात असेल तर हा विषय सोडा. ओतकाम जरा खडबडीत, माझ्या तव्याला दांड्याच्या बाजूला एक खळगा आहे मोहरीएवढा, तिथे रवा अडकतो, दुकानात बोट फिरवून बघून घ्या, मी घेतला नव्हता. तापायला वेळ लागतो आणि बिडातून उष्णता पसरते पण सावकाश, ॲल्युमिनियमच्या चौथ्या हिश्शाएवढी तिची वाहकता, त्यामुळे मोठ्या आचेवर घाई केली तर मधे करपतं आणि कडेला कच्चं, यावर उपाय फक्त मंद आच आणि मधून मधून तवा फिरवणं. इंडक्शनवर चालतो, पण एकदम फुल पॉवर देऊ नका आणि काचेवर घसटू नका. तापलेल्या तव्यावर गार पाणी अजिबात नाही, मी एकदा घाईत नळाखाली धरला होता, असा चर्र आवाज आला की पोटात गोळा, वाचला, पण बीड ठिसूळ, दुसऱ्या वेळी तडकू शकतो. दिवसभर भिजत घालून ठेवणाऱ्यांनी घेऊ नये. महिन्यातून एकदा पोळे करणाऱ्यांनी पण घेऊ नये, खरंच सांगतो, त्यांना नॉनस्टिक बरा, तो १९३८ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत फ्रिजच्या गॅसवर काम करताना चुकून सापडलेल्या पदार्थातून आलाय आणि ज्यांना तव्याशी नातं नको त्यांच्यासाठी तो सोयीचाच आहे. फक्त रिकामा तापवत ठेवू नका, २६०च्या पुढे ते कोटिंग खराब व्हायला लागतं.

पाच पैकी किती? तव्याला चार, एक तो खळगा आणि दांड्यासाठी कापला. दुकानाला पाच. मूळ जो एक स्टार होता तो मला स्वतःला द्यायला हवा होता पण तशी सोय नाही.

मागच्या आठवड्यात परत गेलो दुकानात. चौदा महिन्यांत कॅलेंडरवर तीनशे एकसष्ट टिका आहेत, मला वाटलं पात्रांवांना सांगावं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं तुम्ही सहा महिन्यांनी येऊन बोल म्हणाला होता, तर म्हणाले ते मी सगळ्यांनाच म्हणतो, येत कोण नाही. मग तव्याला काय झालं विचारलं, म्हटलं काही नाही झालं, चांगला चाललाय. मग आलास कशाला? म्हटलं दुसरा पाहिजे, शिवराक सोमवारसाठी, आईचा वेगळा. हसले. बोट फिरवून, उलटा-सुलटा करून, टिचकी मारून आवाज ऐकून स्वतः एक काढून दिला, पन्नास रुपये महाग झालाय आता.

कॅलेंडरवर आता लाल पेनाच्या वेगळ्या टिका सुरू केल्यात. आज चौथा दिवस. पोळा चिकटला.